गडूतला चिंचोका

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. हसलात ना? हसा. मला ओळखणारा कोणीही हसेल. डीकेने न सांगितलेली गोष्ट? असली तर तिला काचेच्या पेटीत ठेवा आणि तिकीट लावा! मी तोच माणूस आहे, ज्याने मे महिन्यात कर्वेनगरच्या डांबरावर थालीपीठ लावल्याचं शपथेवर सांगितलं, आणि वर ते एका बाजूने करपलं म्हणून महापालिकेला नावं ठेवली. माझ्या गोष्टीत एक हत्ती निघाला तर घरी पोचेपर्यंत त्याचे तीन होतात, आणि तिघेही माझ्या ओळखीचे असतात.

पण ही गोष्ट — ही नाही सांगितली. बायकोलाही नाही. आणि तिला माझ्या शर्टाच्या खिशात सुपारीची किती खांडं आहेत तेसुद्धा माहीत असतं.

लिहायचं निमित्त एक वही. आमच्या बागेत बदामाच्या झाडाखाली दोन बाक आहेत. तिथे रोज सकाळी सात वाजता आम्ही काही निवृत्त माणसं जमतो आणि इंग्रजी शिकतो. या वयात? अहो, या वयातच. नातवंडं आपल्या डोळ्यांदेखत इंग्रजीत भांडतात आणि बाजू कोणाची घ्यायची तेच कळत नाही, ही काय लहान अडचण आहे? मग ठरलं : रोज एकाने एक शब्द आणायचा. शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग. नंतर चहा. सगळं एका जाड वहीत उतरवलेलं आहे. आता नलूताईंनी — या निवृत्त मुख्याध्यापिका; आमच्या कट्ट्याची घंटा, हजेरी आणि छडी तीनही त्याच — ती वही पुस्तिका म्हणून छापायला घेतली आहे. घरोघर वाटायची आहे. परवा म्हणाल्या, "डीके, तुमच्या एका शब्दापुढे 'उपयोग' कोरा आहे. चार ओळी द्या बरं."

कुठला शब्द, ते मी विचारलं नाही. चार वर्षं मला माहीत आहे कुठला.

ब्लॅकबॉल. क्रियापद. जुन्या इंग्रजी क्लबांतून आलेलं. नवा सभासद घ्यायचा की नाही यावर गुप्त मतदान व्हायचं. पांढरी गोटी म्हणजे येऊ द्या, काळी म्हणजे नको. एखाद्या ठिकाणी तर एकच काळी गोटी पुरायची. बाकी सगळे पांढरे असोत, आत पान-फुलं घेऊन उभे असोत — एक काळी निघाली की संपलं. तर त्या क्रियापदाचा पहिला अर्थ असा : गुपचूप विरोधी मत टाकून एखाद्याला आत येऊ न देणे. आणि त्यातून निघालेला दुसरा : सगळ्यांनी मिळून एखाद्याला कामातून, बैठकीतून, ओळखीतून वगळणे. आपण ज्याला वाळीत टाकणं म्हणतो, त्याच्या जवळपासचं. पण एक फरक मला पहिल्यापासून चघळायला फार आवडायचा. वाळीत टाकायला गाव लागतं. ब्लॅकबॉल करायला एक माणूस पुरतो, आणि त्या माणसाला तोंडही दाखवावं लागत नाही.

हे सगळं मी त्या दिवशी बाकावर उभं राहून सांगितलं होतं. उभं राहून! वहीत फक्त अर्थ उतरवला गेला. उपयोग लिहायचा राहिला, कारण बर्वे आडवे आले.

बर्वे म्हणजे आमचे निवृत्त बँक अधिकारी. बारीक, ताठ, पांढरा शर्ट, आणि जीभ अशी की तिला म्यान हवं. कट्ट्यावर त्यांनीच एक नियम घातला होता — उपयोगाचं वाक्य घडलेलं हवं. रामाने आंबा खाल्ला चालणार नाही. कोणी खाल्ला, कधी खाल्ला, तुम्ही पाहिलात का? मी त्या दिवशी उपयोग म्हणून माझ्या पणजोबांची गोष्ट चालू केली. शनिवार पेठेतले आमचे पणजोबा, त्यांना लष्करातल्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात घ्यायचं ठरतं, भांड्यात एक काळी गोटी निघते, आणि पणजोबा भर सभेत त्या साहेबाच्या इंग्रजीतल्या सतरा चुका काढून दाखवतात. साहेब रडकुंडीला येतो. कट्टा हसून लोळला. बर्वे तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "वाक्य खरं हवं, डीके. तुमच्याकडे एक तरी आहे का?"

लोक त्यावर जास्त हसले. मीही हसलो.

आता इथे थांबतो. थांबतो, कारण पणजोबांचा विषय निघालाच आहे, आणि त्यांच्यावाचून पुढचं कळायचं नाही. माझे पणजोबा शनिवार पेठेत राहत नव्हते. माझ्या घराण्यातलं कोणीच कधी राहिलं नाही. मी वारज्याच्या पलीकडच्या वस्तीवर जन्मलो. आमचं रान होतं, भुईमूग आणि थोडी भाजी. चौथीपर्यंत तिथल्याच शाळेत शिकलो, पुढे शहरात मामाकडे. वडिलांनी आमचा वाटा फार आधी विकला, आणि मी त्या बाजूकडे जी पाठ केली ती केलीच. नोकरी काय केली? घरोघर फिरून शब्दकोश विकले. पेठांमधल्या एकेका घराचा जिना मला पाठ आहे. कुठल्या घरात झोपाळा करकरतो, कुठल्या घरात पाहुण्याला पाणी विचारतात आणि कुठल्या घरात फक्त काम विचारतात, सगळं माहीत. म्हणून थाप इतकी छान बसली. झोपाळा खराच होता हो. फक्त माझा नव्हता.

कट्ट्यावर पहिल्याच दिवशी नलूताईंनी विचारलं होतं, "आपण मूळचे कुठले?" साधा प्रश्न. पण पुण्यात हा प्रश्न कधी साधा असतो का? माझं आडनाव पेठेतही खपतं आणि वस्तीवरही. तोंडातून निघून गेलं — शनिवार पेठ. आणि एकदा पेठ आली की पणजोबा यायला कितीसा वेळ लागतो?

यात कोणाचं नुकसान होतं? कोणाचंच नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. एवढं खरंही होतं — हौसा येईपर्यंत.

पण त्याआधी गडू. ब्लॅकबॉलची गोष्ट लोकांना इतकी आवडली, की मी म्हटलं, आपणही करू या की! आपल्या कट्ट्याला काय क्लबाची कळा नाही? नलूताईंनी घरून तांब्याचा गडू आणला. काळ्या-पांढऱ्या गोट्या कुठल्या आणणार, म्हणून कवड्या आणि चिंचोके. प्रत्येकाला एक कवडी, एक चिंचोका. कवडी म्हणजे या, चिंचोका म्हणजे नको. एक गडूत टाकायचं, उरलेलं कापडी पिशवीत. गडूच्या तोंडावर रुमाल, आणि तळाशीही रुमाल, आवाजावरून कळू नये म्हणून — ही अक्कलही माझीच. एक चिंचोका निघाला तरी प्रवेश नाही, हा नियमही माझाच. दोन माणसं या पद्धतीने आत आली. सगळ्या कवड्या. टाळ्या, पेढा, चहा. चिंचोका कोणी टाकेल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. तो बिचारा नियमापुरता होता. देवळाबाहेरच्या 'चपला सांभाळा' पाटीसारखा.

मग एका सोमवारी नलूताई एका बाईंना घेऊन आल्या. भाजी घेताना ओळख झाली म्हणाल्या. हिरवं नऊवारी, कपाळावर आडवं गोंदण, हातात पिशवी, पिशवीत तपकिरी कव्हर घातलेली नवी वही. बाई बाकाच्या टोकाला बसल्या, एकेकाला नमस्कार करता करता त्यांची नजर माझ्यापर्यंत आली आणि त्यांचे हात एक क्षण तसेच राहिले.

हौसा. आमच्या बांधाला बांध लावून तिचं रान. शाळेत एका बसकरावर आम्ही चार वर्षं बसलो. ती माझ्याहून हुशार. माझ्याहून म्हणजे — इथे हत्ती वाढवत नाही — माझी पाटी तिच्या पाटीवरून भरायची. चौथीनंतर तिला शाळेतून काढलं आणि मला शहरात धाडलं. सगळी हकीकत एवढीच. पन्नास वर्षांपेक्षा जास्त झाली असतील. मी वाळलो होतो, टक्कल पडलं होतं, चष्मा होता. तिने अर्ध्या क्षणात ओळखलं. मी ओळखलं ते मात्र तिच्या आधी.

मला घाम फुटला. सकाळी सात वाजता, पहाटेचा गारवा अंगावर असताना. तुम्हाला असं कधी झालंय का — समोरचं माणूस तोंड उघडतंय आणि तुमचं सगळं आयुष्य त्याच्या ओठांवर येऊन बसलंय? मी वाट बघत होतो. आता म्हणेल, आता म्हणेल, अगं बया, दाम्या तू?

"रामराम साहेब," हौसा म्हणाली, आणि पुढच्या माणसाला नमस्कार केला.

नलूताईंनी विचारलं, इंग्रजी कशाला शिकायचं आहे? हौसाने सांगितलं ते माझ्या कानात अजून आहे. "आमच्याच रानात बिल्डिंग उभी हाय. मला दोन फ्लॅट हाईत त्यात. सोसायटीची मिटिंग व्हते, तिथं समदे विंग्रजी बोलत्यात. मी बसते, मान हलवते, सही करते. परवा कळलं, गच्चीवर कुरडया वाळत घालायच्या न्हाईत असा ठराव झालाय. खाली पयली सही माझीच!"

सगळे हसले. ती पण हसली, पण कमी. "कुरडयांचं काय न्हाई वो. पर उद्या कशावर सही करीन, त्याचा नेम हाय का? त्या रानातल्या शेंगा मी उपटल्यात. आता तिथं काय चाललंय, ते मला शेजारणीला इचारावं लागतं."

बर्व्यांनी विचारलं, "सोसायटीत अमराठी लोक फार आहेत का?"

"छ्या! समदी मराठीच हाईत."

"मग बाई, तुम्हाला इंग्रजी शिकवण्यापेक्षा त्यांना लाज शिकवायला हवी," बर्वे म्हणाले. "पण तो विषय आमच्याकडे नाही. आणि 'विंग्रजी' नव्हे, इंग्रजी. नाव तरी नीट घ्या, मग शिका."

नलूताईंनी बर्व्यांकडे अशा नजरेने पाहिलं की मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर उभं करतील. बर्व्यांचं हे असंच. मनातलं चांगलं बोलायलाही ते सुरी काढतात. हौसाला राग आला नव्हता, ती "इंग्रजी, इंग्रजी" असं दोनदा पुटपुटली. पण बाकीच्यांनी ऐकलं ते एवढंच : बर्व्यांना ही बाई नको आहे.

दोन दिवसांनी, बुधवारी मतदान ठरलं. त्या दोन दिवसांत दोन माणसं माझ्याशी एकेकटी बोलली, आणि हे दोन संवादच माझी फाशी आहेत. एक बर्वे. मंगळवारी चहाच्या टपरीवर, बशीत चहा ओतता ओतता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई हुशार आहे हो. आपल्या सगळ्यांच्या आधी शिकेल. मी कवडी टाकणार." दुसरं कोणी हजर नव्हतं. टपरीवाला होता, पण तो भांडी विसळत होता.

दुसरी हौसा. सोमवारीच, बागेच्या फाटकापाशी, सगळे पांगल्यावर. मी मुद्दाम मागे राहिलो होतो, ती निघून जावी म्हणून. ती माझ्यासाठी मागे राहिली होती. जवळ आली, इकडे-तिकडे बघितलं, आणि हळूच म्हणाली, "दाम्या, घाबरू नगंस. मी काय बी सांगायची न्हाई. पेठेतला तर पेठेतला."

नलूताईंनी येताना तिला कट्ट्याची माहिती दिली होती. पणजोबांसकट.

आता मला सांगा, हे ऐकून माणसाला काय वाटायला हवं? हायसं वाटायला हवं ना? मी सुटलो होतो. तिने न मागता शब्द दिला होता, आणि ती शब्द मोडणारी नव्हती, हे बसकरावरच्या चार वर्षांनी मला माहीत होतं. म्हणजे भीती हे कारण मी देऊच शकत नाही. तुम्ही माझ्या वतीने देऊ नका.

मग कशासाठी? त्या दोन रात्री मी पुढचं चित्र बघत होतो. मी बाकावर उभा आहे, पणजोबा साहेबाच्या चुका काढताहेत, सगळे हसताहेत — आणि टोकाला हौसा. तीही हसते आहे. मला सांभाळून घेण्यासाठी हसते आहे. रोज. मला तिची भीती नव्हती. मला तिची दया सोसणार नव्हती. मला श्रोते हवे होते, साक्षीदार नको होता. यापेक्षा बरं काही माझ्याकडे नाही.

बुधवार. बदामाची पानं पडून बाकाखाली लाल सडा झालेला. हौसाला पलीकडे, कारंज्याजवळच्या बाकावर बसवलं होतं, निकाल लागेपर्यंत. मांडीवर पिशवी, पिशवीत वही. कारंजं बंद होतं, त्यामुळे तिथून ती आम्हाला सरळ दिसत होती आणि आम्ही तिला. नलूताईंनी एकेकाला कवडी-चिंचोका वाटला. आम्ही सात जण. माझा नंबर शेवटचा. बर्वे माझ्या आधी. त्यांनी रुमालाखाली हात घातला, काढला, पिशवीत घातला, काढला. चेहऱ्यावर रेघ हलली नाही.

गडू माझ्यापुढे आला. उजव्या मुठीत कवडी, डाव्या मुठीत चिंचोका. कवडी गार असते, तुम्ही कधी धरून पाहिलीत का? हातात कितीही वेळ ठेवा, तिच्या पोटात गारवा राहतो. चिंचोका लगेच ऊबदार होतो, जणू पहिल्यापासून आपलाच. मी अजूनही परत फिरू शकत होतो. रुमालाखाली माझा हात गेला तेव्हाही. मी एकदा कारंज्याकडे बघितलं. हौसा आमच्याकडे बघत नव्हती. वही बाहेर काढून तिचं कव्हर तळहाताने सपाट करत होती, नवीन पुस्तकाचं करतात तसं.

मी डावी मूठ सोडली. तळाला रुमाल होता. आवाज आला नाही.

नलूताईंनी गडू वर्तमानपत्रावर उपडा केला. सहा कवड्या आणि मध्ये तो. काळसर, गुळगुळीत, चकचकीत. कोणी काही बोललं नाही. किती वेळ? एरवी मी सांगितलं असतं की तेवढ्यात बदामाला नवी पालवी फुटली. पाच-सहा श्वास असतील. मग नलूताईंनी मान वर केली आणि सरळ बर्व्यांकडे बघितलं. मग दुसऱ्याने बघितलं. मग सगळ्यांनी.

आणि बर्व्यांनी माझ्याकडे.

या नजरेसाठी मी हे सगळं लिहितो आहे. त्यात राग नव्हता. ते वाट बघत होते. एक वाक्य हवं होतं — "बर्वे मला काल म्हणाले होते, मी कवडी टाकणार." एवढंच. मी टाकला हेसुद्धा सांगायला नको होतं! ते एक वाक्य बोलून मी त्यांना सोडवू शकलो असतो आणि स्वतः लपून राहू शकलो असतो. तेवढीही हिंमत — पण हिंमत कसली? बर्व्यांवरचा संशय माझ्या सोयीचा होता. तो उठवला की लोकांनी दुसरीकडे बघायला सुरुवात केली असती.

मी गोष्ट सांगितली. काय सांगितलं असेल? मला गोष्ट सुचते हो, नेहमी सुचते, ही तर माझी कीर्ती. मी हात झटकून म्हणालो, "अहो, आमच्या पेठेत एक बँकवाले होते. चेक परत करायची इतकी सवय, की घरी मुलीला बघायला स्थळ आलं तर त्यालाही 'सही जुळत नाही' म्हणून परत पाठवलं!"

हसले सगळे. सुटल्यासारखे हसले. शांततेतून वाट मिळाली होती ना. नाव घेतलं नाही मी. नाव घ्यायची गरज होती का?

बर्वे उठले. शर्टाची बाही खाली केली, बटण लावलं, म्हणाले, "छान होती," आणि बागेच्या दुसऱ्या दारातून गेले.

हौसाला कळवायला जाण्याचं काम मीच अंगावर घेतलं. का ते कळलंच असेल — तिने दुसऱ्या कोणाशी बोलू नये म्हणून. संध्याकाळी वारज्याला गेलो. आमच्या रानाचा मला पत्ताच लागेना. आंबा होता तिथे बहुतेक लिफ्ट आहे. तिने चहा केला. वही टेबलावर होती, लेबलावर इंग्रजीत नाव — अक्षरं मोठी, ताठ, एकही गिचमिड नाही. मी सांगितलं, जमलं नाही.

"किती जणांनी नगं म्हणलं?"

"एकाने."

"एकाचंच चालतं व्हय?"

"तसा नियम आहे."

"कुणाचा?"

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "इंग्रजांचा."

तिने माझ्याकडे बघितलं. मी चहाकडे बघितलं. मग ती वही उचलून कपाटावर ठेवत म्हणाली, "चिंचोके खेळताना बी तू हराया लागलास की नवा नियम काढायचास."

बस. पुढे काही नाही. जिन्यापर्यंत सोडायला आली, "सांबाळून जा" म्हणाली. मी लिफ्टने आलोच नाही, नऊ मजले उतरलो. तिला घरी येऊन शिकवतो, असं एका तरी मजल्यावरून परत जाऊन म्हणता आलं असतं. आयुष्यभर शब्दकोश विकलेला माणूस मी, गादीखाली अजून दोन प्रती आहेत. उतरत राहिलो.

त्या क्रियापदाचा दुसरा अर्थ कट्ट्याने कसा शिकला, तेही सांगायला हवं. बर्व्यांना कोणी काही बोललं नाही. पुण्यात कोण बोलतो? दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागेवर कोणाची तरी पिशवी होती. पिशवी उचलली गेली, पण सावकाश. त्यांचा शब्द आणायचा दिवस 'चुकून' ओलांडला गेला. टपरीवर "सहा चहा" असं कोणीतरी म्हणालं, आणि मग "अरे हो, सात". ते अकरा दिवस आले. अकराच, मी मोजले. बाराव्या दिवसापासून ते बागेत येतात, पण बसत नाहीत. उलट्या दिशेने फेऱ्या मारतात. म्हणजे दर फेरीला एकदा आमच्या बाकासमोरून, आमच्याकडे तोंड करून जातात. चार वर्षं. पांढरा शर्ट, बाहीची बटणं लावलेली. त्यांनी कोणालाही सांगितलं नाही की त्या मंगळवारी ते मला काय म्हणाले होते. त्यांना कळलं होतं की नाही? अहो, सात माणसं, सहा कवड्या, आणि त्यांची कवडी माहीत असूनही ते न बोललेला एकच. बँकेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला ही वजाबाकी येत नसेल?

गडू त्यानंतर निघाला नाही. नवे आले ते असेच आले. हौसाच्या इमारतीकडे मी पुन्हा गेलो नाही. ती कुठे शिकली की नाही, आणखी कशाकशावर सही केली, मला माहीत नाही. माहिती काढणं अवघड नव्हतं.

आणि मी? मी रोज गेलो. पणजोबांनी या चार वर्षांत आणखी दोन साहेबांना रडवलं. लोक हसले. बर्वे समोरून जाताना माझा आवाज जरा मोठा होतो, हे एकदा माझ्याबरोबर बागेत आलेल्या बायकोने ऐकलं. म्हणाली, "ओरडता कशाला? बहिरे आहेत का ते?"

चार ओळी मागितल्या होत्या, हे इतकं झालं. पुस्तिका सगळ्यांच्या घरी जाणार आहे, एक प्रत बर्व्यांच्याही. वारज्याची मी स्वतः पोचवणार आहे. मराठीत आहे, हौसाला कोणाला विचारावं लागणार नाही.

शब्द : ब्लॅकबॉल. अर्थ : वर दिला आहे. उपयोग : वस्तीवरची हौसा, जिच्या पाटीवरून मी चार वर्षं माझी पाटी भरली, तिला कट्ट्याबाहेर मी ठेवलं. चिंचोका माझा होता. बर्व्यांनी कवडी टाकली होती, आणि ते मला आदल्या दिवसापासून माहीत होतं.

वाक्य खरं आहे, बर्वे.